७४१ म्हणजे किती टक्के? अमेरिकेतल्या 'पास व्हा, तरच डिप्लोमा' परीक्षांची गोष्ट

ताई न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिची मुलगी अकरावीत होती तेव्हा मार्चमध्ये तिनं शाळेत राज्याची एक परीक्षा दिली. निकाल आला, गणितात ७४१. ताईनं तो सहज फोनवर आईला सांगितला. आई सांगलीची, निवृत्त शिक्षिका. आकडा ऐकल्यावर हिशेब केल्याशिवाय तिला राहवत नाही. आठशेपैकी सातशे एक्केचाळीस, म्हणजे ब्याण्णव टक्क्यांच्या वर! संध्याकाळपर्यंत वाड्यात पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी भाचीचा मला मेसेज आला: "मामा, तूच सांग ना आजीला. मी नुसती पास झालेय."

आईला समजावायला बसलो आणि तीन-चार ठिकाणी मीच अडखळलो. गोंधळायला कारणही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी अशाच परीक्षेची सक्ती मतपेटीतून उडवून लावली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या शिक्षण खात्यानं आपल्या दीडशे वर्षं जुन्या परीक्षांची अट २०२७-२८ पासून काढायचा आराखडा मांडला. "अमेरिकेनं बोर्डाची परीक्षा रद्द केली" असे फॉरवर्ड आपल्याकडेही फिरले. त्यात "अमेरिकेनं" चूक, "बोर्डाची" चूक आणि "परीक्षा रद्द" हेही चूक.

डिप्लोमा कोण देतं?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इथे डिप्लोमा म्हणजे आपला पॉलिटेक्निकचा नव्हे. अमेरिकेत शाळा बारावीपर्यंत असते, शेवटची चार वर्षं हायस्कूलची, आणि ती पुरी केल्याचा दाखला म्हणजे हायस्कूल डिप्लोमा. कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत हवी असेल, सैन्यात जायचं असेल किंवा साधी पगाराची नोकरी हवी असेल, तरी पहिला प्रश्न त्याचाच येतो.

हा दाखला देते गावची शाळा. आपल्याकडे दहावीचं प्रमाणपत्र पुण्याच्या राज्य मंडळाचं असतं. वर्षभर शिकवलेल्या शाळेच्या हातात त्यातले फार तर वीस गुण, बाकी ऐंशीचा पेपर कुठल्या तरी दुसऱ्या गावचे परीक्षक तपासणार. अमेरिकेत हे उलटं आहे. विषय शिकवणारा शिक्षकच वर्षभर गृहपाठ, चाचण्या, प्रकल्प तपासून श्रेणी देतो. विषय पुरा केला की त्याचे क्रेडिट खात्यावर जमा होतात. न्यूयॉर्कमध्ये असे २२ क्रेडिट झाले की अभ्यासक्रम पुरा. बहुतेक राज्यांत गोष्ट इथेच संपते आणि शाळा डिप्लोमा देऊन टाकते.

काही राज्यं मात्र म्हणतात, थांबा, शाळेचं म्हणणं आम्ही ऐकलं, आता आमचाही एक पेपर द्या. त्यात ठरलेल्या रेषेच्या वर आलात तरच डिप्लोमा. आपला विषय आहे ही जास्तीची चौकी. एकेकाळी अशी राज्यं पंचवीसच्या आसपास होती. आता दहासुद्धा राहिलेली नाहीत.

बोर्डापेक्षा ती आरटीओच्या जवळची

आईला पटला तो दाखला आरटीओचा. दुचाकीचं लायसन्स काढताना साहेबांसमोर गाडीवरून आठ काढायचा असतो. पाय टेकला नाही की पास. कुणी वळणदार, देखणा आठ काढला म्हणून त्याला भारीतलं लायसन्स मिळत नाही, आणि पुढे आयुष्यभर कुणी विचारत नाही की आठ काढताना किती टक्के पडले.

न्यू जर्सीच्या निकालपत्रावर तर निर्णयाच्या दोनच पायऱ्या आहेत. एक म्हणजे डिप्लोमासाठी तयार, दुसरी म्हणजे अजून तयार नाही. रेषा ७२५ ची. भाची ७४१, म्हणजे तयार. तिच्या वर्गातला कुणी ८०० वर असेल तर तोही तयार, तेवढाच. पेपर दहावीपर्यंतचं इंग्रजी आणि बीजगणित-भूमिती एवढ्यावर असतो. अकरावीच्या मुलीला दहावीचं विचारतात हे ऐकून आईचा उत्साह बराच ओसरला.

कॉलेजवाले प्रवेश देताना प्रामुख्यानं बघतात ते चार वर्षांच्या श्रेणी आणि घेतलेले विषय. म्हणून आपल्या बोर्डाचं वजन या परीक्षेला लावू नये. आपली दहावी एकाच तराजूत दोन गोष्टी तोलते: पास की नापास, आणि पास असाल तर अकरावीच्या रांगेत कितवे. इथे फक्त पहिलं होतं.

मग ७४१ आले कुठून?

हा आकडा टक्के नाही, मिळालेले गुणही नाहीत. तो एका मोजपट्टीवरचा अंक आहे. त्याला 'स्केल स्कोअर' म्हणतात, मी पट्टीवरचा अंक म्हणतो.

पट्टी लागते कशाला? समजा यंदा मुलांना पर्वती चढायला लावली आणि पुढच्या वर्षी सिंहगड. दोन्ही वेळा नुसती मिनिटं मोजली तर पुढच्या वर्षीची मुलं उगाच कच्ची ठरतील. पेपरचंही तसंच, दरवर्षी प्रश्न नवे, कधी सोपे, कधी तिरपे. म्हणून काही समान प्रश्न दोन्ही वर्षांच्या पेपरांत पेरून ठेवतात. त्यांवरून नवा पेपर जुन्यापेक्षा किती अवघड होता ते काढतात आणि कच्च्या गुणांचं रूपांतर अशा पट्टीवर करतात, की तेवढ्याच तयारीच्या मुलाला दोन्ही वर्षी तोच अंक मिळावा. पट्टी शून्यापासून सुरू व्हायलाच हवी असं नाही. कॅलिफोर्नियात अशी परीक्षा होती तेव्हा तिची पट्टी २७५ ते ४५० होती आणि पास ३५० ला.

सगळ्यात फसवी पट्टी न्यूयॉर्कची. तिथल्या परीक्षांना रीजन्ट्स म्हणतात, पट्टी ० ते १००, पास ६५ ला. बघणाऱ्याला वाटणारच की शंभरात पासष्ट. प्रत्यक्षात पहिल्या पातळीच्या बीजगणितात एकूण गुणांपैकी साधारण एक तृतीयांश मिळाले तरी पट्टीवर ६५ येतात. आई म्हणाली, "म्हणजे आपलेच पस्तीस की!" जवळपास तसंच. फक्त आपण पस्तीस हे तोंडावर सांगतो, ते पासष्टचा कोट घालून सांगतात.

आता खरी मेख. पट्टी गणितानं ठरते, रेषा मात्र गणितानं ठरत नाही. ती माणसं ओढतात. त्यासाठीची एक प्रचलित पद्धत मला फार आवडली. शिक्षकांना एका खोलीत बसवून प्रत्येकाला प्रश्नांची एक वही देतात. पानाला एक प्रश्न, आणि पानं सोप्याकडून अवघडाकडे लावलेली. हा क्रम मुलांच्या खऱ्या उत्तरांवरून लावलेला असतो. शिक्षकानं डोळ्यांसमोर एक मुलगा आणायचा, हुशार नाही, ढ नाही, जेमतेम तयार असलेला. मग पान उलटत विचारायचं की असा मुलगा हा प्रश्न तीनपैकी दोनदा तरी बरोबर सोडवेल का? हो, हो, हो करत जायचं आणि जिथे "आता नाही" वाटेल तिथे खूण ठेवायची. मग चर्चा, पुन्हा खूण, पुन्हा चर्चा. सगळ्यांच्या खुणांच्या मधली जागा म्हणजे शिफारस. तीही शेवटी राज्याच्या शिक्षण मंडळापुढे जाते आणि तिथे पालक, राजकारण, किती मुलं अडकतील याचा अंदाज, सगळंच टेबलावर येतं.

रेषा खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण "७२४ नापास आणि ७२५ तयार" यात निसर्गनियम वगैरे काही नाही, एका खोलीतल्या शहाण्या माणसांचा तो अंदाज आहे. शिवाय तोच मुलगा पुढच्या आठवड्यात तसाच दुसरा पेपर देईल तर अंक थोडा वर-खाली होणारच. आदल्या रात्रीची झोप, सर्दी, एखादा नीट न वाचलेला प्रश्न, एवढंही पुरतं.

रेषेच्या अलीकडचे दोन गुण

आपल्याकडे ग्रेस मार्क असतात. नियमात बसवून, उघडपणे दिलेले. न्यूयॉर्कमध्ये तेच काम गुपचूप चाललं होतं.

तिथे रीजन्ट्सचे पेपर मुलाच्या स्वतःच्या शाळेतलेच शिक्षक तपासत. गणित-विज्ञानात कुणी ६० ते ६४ वर अडकला तर पेपर पुन्हा तपासण्याचा नियमच होता. आता डोळ्यांसमोर आणा. शाळेचा रिकामा वर्ग, जून महिना, समोर ६३ चा पेपर. लांब उत्तराच्या प्रश्नाला चारपैकी दोन दिलेत. तीन देता येतील का? मुलगा ओळखीचा आहे, त्याची परिस्थितीही माहीत आहे.

पुढे अर्थतज्ज्ञांनी न्यूयॉर्क शहराचे आकडे मांडले तेव्हा आलेखात ६५ वर टेकडी उभी होती आणि तिच्या अलीकडे खड्डा. रेषेच्या अगदी खाली यायला हवे होते अशांपैकी सुमारे ४० टक्के गुण वर ढकललेले होते. पेपर पुन्हा तपासणं २०११ मध्ये बंद झालं, नंतर स्वतःच्या विद्यार्थ्यांचे पेपर तपासायलाही शिक्षकांना मनाई झाली. टेकडी सपाट झाली.

त्या अभ्यासातली दोन निरीक्षणं जास्त बोलकी आहेत. एक, शिक्षकांनी हे बक्षिसासाठी किंवा शाळेचा निकाल फुगवायला केल्याचं दिसलं नाही, मूल अडकू नये एवढंच कारण दिसलं. दुसरं, ढकलपास मुलांची डिप्लोमा मिळवण्याची शक्यता चांगलीच वाढली, पण त्यांच्यातल्या काहींची वरच्या दर्जाच्या डिप्लोमाकडे जाण्याची शक्यता घटली. नापास झाले असते तर विषय पुन्हा शिकले असते, पास झाले आणि सुटले. उपकार केला की नुकसान, हे मूल बघून ठरवावं लागेल.

ही चौकी बसवली कुणी?

न्यूयॉर्कची परंपरा सगळ्यात जुनी. १८६५ मध्ये त्यांनी आठवीनंतरच्या प्रवेशासाठी राज्याची परीक्षा सुरू केली, १८७८ मध्ये हायस्कूलची. पहिल्या विषयांत बीजगणित आणि अमेरिकेच्या इतिहासाबरोबर लॅटिनही होतं.

बाकी राज्यांत ही लाट गेल्या पन्नासेक वर्षांतली. १९७० च्या दशकात ओरड सुरू झाली की डिप्लोमा हातात असलेल्या पोरांना नोकरीचा अर्जही भरता येत नाही. फ्लोरिडानं १९७६ मध्ये कायदा करून किमान कौशल्यांची परीक्षा लावली. पहिल्या निकालात कृष्णवर्णीय मुलं फार मोठ्या प्रमाणात नापास झाली. ही मुलं पहिल्या इयत्तांत असताना तिथल्या शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या, आणि काळ्यांच्या शाळांची अवस्था सगळ्यांना माहीत होती. प्रकरण कोर्टात गेलं, 'डेब्रा पी. विरुद्ध टर्लिंग्टन'. कोर्टानं परीक्षा अवैध ठरवली नाही, पण दोन गोष्टी बजावल्या. मुलांना आधीपासून पुरेशी कल्पना द्या, आणि जे वर्गात शिकवलंच नाही त्यावर डिप्लोमा अडवू नका. काही वर्षं डिप्लोमा रोखायलाच बंदी घातली. आज एखादं राज्य नवी परीक्षा आणताना बहुधा पहिली एक-दोन वर्षं "फक्त सराव, अट नाही" म्हणतं, त्यामागे हा निकाल आहे.

मग २००२ चा केंद्रीय कायदा आला आणि २०१५ मध्ये त्याच्या जागी दुसरा. इथेच फॉरवर्डवाले घसरतात. वॉशिंग्टनचा कायदा म्हणतो की तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा, वाचन आणि गणिताची परीक्षा घ्या. विज्ञानाचीही अधूनमधून घ्या. तो असं कुठेही म्हणत नाही की नापासांना डिप्लोमा देऊ नका. परीक्षा केंद्राच्या कायद्यानं, अट राज्याच्या मर्जीनं. म्हणून मॅसॅच्युसेट्सनं अट उडवली तरी दहावीतली मुलं तिथे आजही तीच परीक्षा देतात. निकालानं डिप्लोमा अडत नाही, एवढाच फरक.

"एक टक्काच तर अडकतात, मग एवढं काय?"

मॅसॅच्युसेट्सच्या प्रचारात दोन्ही बाजू हाच आकडा वापरत होत्या. तिथे २००३ मध्ये बाहेर पडलेल्या मुलांपासून ही अट होती. नापास झालात तर पुन्हा पुन्हा बसायची सोय होती, आणि शेवटी केवळ या परीक्षेपायी डिप्लोमा न मिळालेली मुलं वर्षाला सुमारे ७००, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. अटीचे समर्थक म्हणाले, बघा, किती थोडी. विरोधक म्हणाले, ही मुलं कोण आहेत ते बघा. त्यांत मोठा भाग होता नुकतंच इंग्रजी शिकणाऱ्यांचा आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचा.

मला इथे विरोधकांचं म्हणणं जास्त पटतं, आणि कारण आकड्यापलीकडचं आहे. परीक्षेमुळे अडकलेलं मूल म्हणजे फक्त शेवटपर्यंत नापास राहिलेलं मूल नव्हे. दहावीत नापासाचा कागद आल्यावर "आपलं काही होणार नाही" म्हणत शाळा सोडणारं मूल त्या ७०० मध्ये मोजलंच जात नाही. त्याच राज्याच्या आकड्यांवर २०१० मध्ये एक अभ्यास छापून आला. गणितात रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली आलेल्या मुलांची तुलना होती, म्हणजे तयारीनं जवळजवळ सारखीच मुलं. शहरी गरीब घरातल्या मुलांमध्ये, जेमतेम नापास झालेल्यांची वेळेत शाळा पुरी करण्याची शक्यता शंभरात आठ इतकी कमी निघाली. सुखवस्तू घरांत तसा फरक दिसला नाही. तिथे शिकवणी लागते, आईबाप शाळेत जाऊन भांडतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २०११ मध्ये देशभरातला पुरावा एकत्र तपासला. निष्कर्ष असा की या अटींमुळे डिप्लोमा मिळवणाऱ्यांचं प्रमाण साधारण शंभरात दोन इतकं घटतं आणि शिकण्यात वाढ होत नाही.

"मग दाखल्याला किंमत काय उरली?"

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये तीनशेहून जास्त शिक्षण जिल्हे आहेत. जिल्हा म्हणजे एका-दोन गावांचा शाळांचा कारभार. अट गेल्यावर पुरेसं शिकलात की नाही हे प्रत्येक जिल्हा आपापलं ठरवणार. श्रीमंत उपनगरातला 'बी' आणि खंगलेल्या गिरणगावातला 'बी' एकच असेल याची हमी कुणी घ्यायची? तिथल्या गव्हर्नर मॉरा हिली अट ठेवा म्हणणाऱ्यांत होत्या. शिक्षकांची संघटना काढा म्हणणाऱ्यांत होती, आणि सुमारे ५९ टक्के मतं संघटनेच्या बाजूनं पडली. परीक्षा काहीच मोजत नव्हती असंही नाही. दहावीचे गुण पुढच्या शिक्षणाशी आणि कमाईशी जुळतात, घरची परिस्थिती हिशेबात धरली तरी, हेही त्याच राज्याच्या अभ्यासात दिसलं आहे.

पण ताप मोजणारा थर्मामीटर चांगला असणं वेगळं आणि शंभराच्या वर ताप असलेल्याला दवाखान्यात घेऊ नका म्हणणं वेगळं. कॅलिफोर्नियानं तर २०१५ मध्ये अट स्थगित करताना मागच्यांनाही न्याय दिला. बाकी सगळं पुरं केलेल्या, पण फक्त या परीक्षेत अडकलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेकडे जावं आणि डिप्लोमा घ्यावा. २००६ च्या तुकडीतला कुणी तोवर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा झाला असेल. मधल्या नऊ वर्षांत "डिप्लोमा आहे का?" या चौकोनात त्यानं किती वेळा 'नाही' वर खूण केली असेल.

नापास झालं तर पुढे काय?

परदेशी राहणाऱ्या मराठी आईबापांना खरं हेच हवं असतं, म्हणून मुद्द्याचं सांगतो. जवळजवळ प्रत्येक राज्यात बाजूचं दार आहे, पण ते कुणी आपणहून उघडून दाखवत नाही. न्यू जर्सीत परीक्षा पुन्हा देता येते. तीही जमली नाही तर कॉलेज प्रवेशासाठी देतात त्या सॅटसारख्या मान्य परीक्षांतले ठरावीक गुण चालतात. तेही नसतील तर मुलाचं वर्गातलं काम फाईल करून खात्याकडे पाठवता येतं. टेक्सासमध्ये पाच विषयांच्या परीक्षा आहेत. त्यांतल्या दोनपर्यंत अडकल्या तर शाळेतली एक समिती मुलाचं एकूण काम बघून डिप्लोमा देऊ शकते. न्यूयॉर्कमध्ये रीजन्ट्स जानेवारी, जून आणि ऑगस्टमध्ये होतात, म्हणजे जून गेला तरी ऑगस्ट आहेच.

एक सावधगिरी. अकरावीत असताना दुसऱ्या राज्यात बदली झाली तर शाळेच्या काउन्सेलरला पहिल्याच आठवड्यात विचारा की इथे डिप्लोमाला परीक्षेची अट आहे का, आणि जुन्या राज्यातले गुण धरता का. पेनसिल्व्हेनियात जे चाललं ते नदी ओलांडून न्यू जर्सीत चालेलच असं नाही.

हे सगळं मी आईला दोन फोन आणि एका रविवारच्या जेवणात मिळून सांगितलं. प्रश्नांच्या वहीत खूण ठेवायची गोष्ट तिला सगळ्यात आवडली. पेपर तपासण्यात तिची तीस वर्षं गेली आहेत आणि जेमतेम तयार असलेला तो मुलगा तिनं दरवर्षी पाहिला आहे. मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं रीजन्ट्सच्या त्या टेकडीचा विचार करत असेल.

"म्हणजे आता पेढे कधी वाटायचे?" तिनं विचारलं.

"पुढच्या जूनमध्ये, डिप्लोमा हातात पडल्यावर."

"बरं," ती म्हणाली. "या खेपेचे सरावाचे समजा."